वरची फळी

मित्रांनो, मी नवी कोरी असताना मला कुणी विचारलं असतं की मोठी होऊन काय करणार, तर मी सांगितलं असतं, मिरवणार. मी शोकेस आहे. दागिन्यांच्या दुकानातली, आता बरीच जुनी. शोकेसला दुसरं काही येत नाही. आत ठेवलेली वस्तू चार लोकांना भारी वाटावी, एवढंच आमचं काम. ती खरंच भारी आहे की नाही, ही चौकशी आम्ही करत नाही.

मला हळवं होता येत नाही, हेही आधीच सांगून टाकते. काच आणि लाकूड, त्यात हळवं होणार काय? तेव्हा जे सांगेन ते पाहिलेलं सांगेन. डोळे पुसायचे असतील तर ज्याचे त्याने पुसावेत.

मला घडवलं एका सुताराने. कामाला पक्का आणि तोंडाने फटकळ असा तो माणूस होता. काचवाल्याने आणलेली पहिली काच त्याने परत पाठवली, कारण तिच्यात एक बुडबुडा होता. काचवाला म्हणाला, मोहरीएवढा तर आहे, कुणाला दिसतोय! सुतार म्हणाला, मला दिसतोय ना. दोघांची चांगलीच जुंपली आणि शेवटी दुसरी काच आली. म्हणून माझी समोरची काच अजूनही निर्मळ आहे. बाकी अंगाची काय दशा झाली ते पुढे येईलच.

माझ्या आत काचेच्या तीन फळ्या होत्या आणि त्यांचा दुकानात एक नियम होता. वरच्या फळीवर सोनं आणि खडे, माणसाच्या डोळ्यांच्या बरोबर समोर. मधल्या फळीवर चांदी. खालच्या फळीवर दुरुस्तीला आलेल्या वस्तू. तुटकी साखळी, फिरकी हरवलेलं कानातलं, वाकलेली अंगठी. खालच्या फळीकडे कुणी सहसा वाकून बघत नसे.

माझ्यामागे उभा राहून माल दाखवणारा जो विक्रेता होता, त्याला सगळे भाऊ म्हणत. अंगाने शिडशिडीत, केस चापून बसवलेले, बोलणं मोजकं. गिऱ्हाईकाचं पाणी जोखावं तर भाऊंनीच. गिऱ्हाईक दारात आलं की भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या पायांकडे बघत. चामड्याचे घोटीव बूट असले की हात आपोआप वरच्या फळीकडे जाई. साधी चप्पल असली की मधल्या. चपलेचा अंगठा शिवलेला दिसला, की भाऊ नम्रपणे विचारत, "दुरुस्तीचं काही आहे का?" त्यात त्यांना कुणाचा अपमान करायचा नसे. त्यांना ते कामच वाटे. मालक तर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत, आमच्या भाऊंची नजर म्हणजे दुसरा तराजूच.

मालकांचा आणखी एक नियम होता. शोकेसचा दिवा लागला की विक्रेत्याने बसायचं नाही. बसलेला माणूस पाहिला की गिऱ्हाईकाला वाटतं दुकान चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात एका उन्हाळ्यात त्यांनी संगमरवरी फरशी घातली. दिसायला दुकान झकास झालं. पण त्या दगडावर सकाळपासून दिवा मालवेपर्यंत उभं राहायचं ते भाऊंना. माझ्या खालच्या काचेतून मला त्यांचे पाय दिसत. दुपारी दुकान रिकामं झालं की एक पाय बुटातून काढून ते दुसऱ्या पायावर टेकवत आणि डोळे मिटून घेत. तोंडातून मात्र हूं की चूं नाही.

मग एके दिवशी तो पाय बाहेर आला तेव्हा बुटाच्या आत काहीतरी मऊ दिसलं. जुन्या ब्लँकेटचा, पायाच्या आकाराचा कापलेला तुकडा, दुहेरी, कडेने बारीक टाके घातलेला. भाऊंच्या बायकोने तो शिवून नवरा झोपेत असताना बुटात सरकवून ठेवला होता, हे मला पुढे कळलं. बाजूला तराजूपाशी बसणाऱ्या गृहस्थाने विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, आमच्या हिचे हात शिवशिवतात, काहीतरी शिवत बसते. त्यानंतर एक तुकडा झिजला की दुसरा यायचा. जुना कधी गेला आणि नवा कधी आला, हे भाऊंनी कधी पाहिलंच नाही. बूट घातला, मऊ लागलं, चालले. आपल्या पायाखाली काय आहे ते कोण बघतं?

अशी वर्षं गेली. लग्नाळू मुली माझ्यापुढे लाजल्या, त्यांच्या आया किमतीवरून हुज्जत घालत राहिल्या, आणि काही बायका येऊन खालच्या फळीवर वस्तू ठेवून गेल्या त्या पुन्हा न्यायला आल्याच नाहीत. मग मालक थकले. मुलांना दुकानात रस नव्हता. एका सकाळी माझ्यातला माल कायमचा काढून नेला. भाऊंनी मला शेवटचं पुसलं आणि फडकं घडी करून आत ठेवलं. मला वाटलं, चार शब्द बोलतील. ते दिवा मालवून निघून गेले.

मला उचलून नेलं ते वस्तीच्या सभागृहात. तिथे पहिल्यांदा माझ्यात कॅरमच्या सोंगट्या ठेवल्या. मग तुटक्या छत्र्या आल्या, मग रंगाचे सुकलेले डबे. मागच्या एका सरकत्या दाराची खाच मोडली. कुणीतरी बोटाने माझ्या काचेवरच्या धुळीत हिशोब केला, आणि तोही चुकीचा. जिच्यापुढे नवऱ्या मुली लाजल्या तिच्या डोक्यावर आता फिनेलची बाटली! पण शोकेसने तक्रार करायची कुणाकडे?

भाऊंची गत माझ्याहून वेगळी नव्हती, हे मला त्यांच्या बायकोच्या तोंडून कळलं. सभागृहात चित्रकलेचा वर्ग चालायचा. तो घेणाऱ्या बाई तरुण, हसऱ्या आणि कायम कोपरापर्यंत रंगाने माखलेल्या. एका दुपारी वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, त्यांना भेटायला आल्या आणि माझ्याच कडेला टेकून बोलत राहिल्या. दुकान बंद झाल्यापासून हे घराबाहेर पडत नाहीत, त्या म्हणाल्या. खिडकीशी बसतात. जेवण पुढे ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर विचारत नाहीत. कुणी हाक मारली तर एकच पालुपद, माझी आता काय किंमत, कुणावाचून कुणाचं अडत नाही. मुलगी फोन करते तिलाही तेच. मग सांगता सांगता त्या माझ्या काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिल्या. म्हणाल्या, चालतंबोलतं माणूस घरात आहे आणि मला घर रिकामं वाटतं हो.

बाई तेव्हा एका प्रदर्शनाच्या तयारीत होत्या. त्यांच्या डोक्यात असं होतं की वस्तीतल्या प्रत्येकाने एका माणसाची एक वस्तू आणायची. असा माणूस, की ज्याची किंमत कुणी करत नाही, पण तो नसला तर आपलं अडेल. वस्तू बाईंकडे कागदात गुंडाळून द्यायची, नाव सांगायचं नाही. उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून दोन वाक्यांत सांगायचं की ही कुणाची आणि का. प्रदर्शनाला नाव दिलं होतं, ‘ज्यांच्यावाचून अडतं’. ते नाव ऐकून वहिनींनी बाईंकडे असं काही पाहिलं की बाई थबकल्या.

दोघींनी मिळून बेत केला. बाई भाऊंच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, शोकेस आहे पण लावायला माणूस नाही. माझ्या हातून काचेला रंगच लागतो. भाऊ आधी नको नको म्हणाले. पण शोकेस कुठली ते कळल्यावर चपला घालून निघाले.

ते आले आणि त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग फिनेलची बाटली उचलून खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि मला घासायला घेतलं. मोडकी खाच बसवली, दिवा बदलला. दोन दिवसांत मी पुन्हा माणसांत आले. भाऊ मधूनच शीळ घालायचे, हेही सांगायला हवं, कारण दुकानात मी ती कधी ऐकली नव्हती.

भाऊ पाणी आणायला गेले असताना वहिनींनी आपली पुडी बाईंना दिली आणि कागद उघडून दाखवला. आत बुटातला एक झिजलेला तुकडा होता. करडा पडलेला, टाचेच्या जागी इतका पातळ की पलीकडचा हात दिसावा. मी तो लगेच ओळखला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ह्यांना आधी सांगू नका. त्यांना तिथंच बघू दे." बाईंनी मान हलवली आणि पुडी बाकीच्या पुड्यांत ठेवली.

आता घोटाळा कसा झाला तो ऐका.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाई खुर्च्या आणि माईक बघायला गेल्या आणि जाताना म्हणाल्या, भाऊ, तुमच्या मनाप्रमाणे लावा. भाऊंनी सगळ्या पुड्या टेबलावर एकदम उलगडल्या. पाणी सोडणाऱ्या माणसाची व्हॉल्व्हची किल्ली निघाली. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला येणाऱ्या बाईचे रबरी हातमोजे निघाले. शाळेच्या बसमधल्या ताईंची शिट्टी, कुणाच्या आजीचा चष्मा, एक कलथा, एक स्टेथोस्कोप. शिवाय सभागृहाच्या अध्यक्षांचं मानचिन्ह. ज्याची किंमत कुणी करत नाही अशा माणसाची वस्तू आणा म्हटल्यावर अध्यक्षांनी स्वतःचीच आणली होती. पितळेचं, वजनदार, वर पसरलेले पंख, एका मोठ्या खोक्यात चिंध्या भरून पाठवलेलं.

भाऊंचा हात जन्माच्या सवयीने चालला. मानचिन्ह आणि स्टेथोस्कोप वरच्या फळीवर. चष्मा आणि शिट्टी मधल्या. किल्ली, मोजे आणि कलथा गेले खाली, दुरुस्तीच्या फळीवर. मानचिन्हाची बैठक एका बाजूला घासलेली होती, ते डुगडुगत होतं. दुकानात दागिना असा कलला की भाऊ त्याच्याखाली जाड लोकरी बनातीचा तुकडा सारत, दागिना ताठ दिसे आणि टेकू दिसत नसे. टेबलावर खोक्यातल्या चिंध्या पसरल्या होत्या, त्यांतच एक करडा, चपटा तुकडा पडला होता. भाऊंनी तो उचलला, जाडी अंगठ्याने चाचपली, घडी घातली आणि मानचिन्हाखाली सरकवला. मानचिन्ह कसं ताठ उभं राहिलं! भाऊ दोन पावलं मागे गेले, मान तिरकी करून पाहिलं आणि त्यांना समाधान वाटलं. उरलेल्या चिंध्या त्यांनी टोपलीत टाकल्या.

मी सगळं पाहत होते. पण बोलता आलं असतं तर मी शोकेस कशाला झाले असते?

संध्याकाळी बाईंनी पाहिलं, तेव्हा किल्ली खाली का, एवढंच त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाले, बाई, गिऱ्हाईक आधी वर बघतं, वर चकचकीत लागतं. बाई परत खुर्च्यांकडे वळल्या. घाईत पुड्यांची मोजदाद करायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि कुणी न सांगता माझ्यामागे जाऊन उभे राहिले. आधी अध्यक्ष बोलले. दोन वाक्यांचा नियम त्यांना लागू नसावा. समाजाने चांगल्या माणसाची किंमत करायला शिकलं पाहिजे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि दर वेळी वरच्या फळीकडे हात करत होते. मग बाकीचे आले. एका मुलीने खाली वाकून रबरी मोज्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, माझ्या आजोबांच्या अंगाला वास यायचा तेव्हा आम्ही दारातून बोलायचो, ह्या मावशी आत जायच्या. दोन वाक्यंही झाली नाहीत आणि ती खाली बसली. वाकावं लागत होतं बिचाऱ्यांना. ज्यांची वस्तू खालच्या फळीवर, त्या प्रत्येकाला वाकून ती दाखवावी लागत होती. भाऊंच्या ते ध्यानात येत गेलं असावं, कारण ते कॉलर सैल करायला लागले.

मग वहिनी उठल्या. आधी मधली फळी बघितली. मग वाकून खालची, किल्लीच्या मागेही डोकावून पाहिलं. मग वरची. पुन्हा खालची. लोक वाट बघू लागले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, तशी बाईंना ती पुडी आठवली. त्या टेबलाखाली शोधायला धावल्या, टोपलीत शोधायला धावल्या.

मागून भाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "काय शोधतेस?"

"ब्लँकेटचा तुकडा," वहिनी म्हणाल्या. "पायाएवढा. कागदात बांधून दिला होता."

भाऊंचे डोळे वरच्या फळीकडे गेले ते तिथेच राहिले. माझ्या काचेच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको, आणि मध्ये ताठ उभं मानचिन्ह.

"कुणाचा होता?" त्यांनी विचारलं. पण आवाज असा, की उत्तर नकोच आहे.

"तुमचा."

सभागृहात कुणीतरी खोकलं. वहिनी माईककडे गेल्या नाहीत. लोकांकडेही वळल्या नाहीत. काचेतून नवऱ्याकडे बघत जे बोलल्या ते मी सगळ्यात जवळून ऐकलं.

"तुम्ही म्हणता कुणावाचून कुणाचं अडत नाही. अहो, त्या दगडावर तुम्ही उभे होता म्हणून आम्ही घरात बसून जेवलो. घरी येऊन तुम्ही कधी बोलला नाहीत. पण तुम्ही झोपलात की मी बुटात हात घालून बघायची, टाच कुठं झिजलीय. त्यावरून मला कळायचं, दिवस कसा गेला ते."

भाऊंनी माझं मागचं दार सरकवलं. एका हाताने मानचिन्ह उचललं, दुसऱ्या हाताने तुकडा ओढून घेतला. मानचिन्ह परत ठेवलं तसं ते कललं आणि फळीवर आडवं झालं. अध्यक्ष अर्धवट उठले, "अहो, अहो, जरा सांभाळून," आणि सगळे भाऊंकडेच बघताहेत हे पाहून परत बसले.

भाऊंनी घडी उलगडली. अंगठ्याचा खळगा, टाचेची पातळ झालेली जागा, सगळं त्यांनी पाहिलं. तुकडा उलटा करून पाहिला. जन्मभर लोकांचे पाय बघणारा माणूस, पण स्वतःच्या पायाचा ठसा त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.  मला वाटलं आता हा माणूस रडणार. पण तो टाक्यांवरून नख फिरवत होता.

"हे एवढे बारीक टाके तू घातलेस?"

"मग कोण घालणार?"

"मग हा माझा कसा?" भाऊ म्हणाले. "हा तुझा आहे."

"असं कसं? पाय तुमचा."

"पाय माझा असेल. पण तुझ्या टाक्यांवाचून तो उभा कसा राहिला असता?"

आणि मित्रांनो, भरल्या सभागृहात, अध्यक्षांच्या देखत, त्या दोघांचं चक्क वाजलं. ते म्हणत तुझा, त्या म्हणत तुमचा. आधी लोक हसले. मग हसता हसता बऱ्याच जणांनी चष्मे पुसले. बाई हातात पाटी घेऊन उभ्या. पाटीवर नाव कुणाचं लिहायचं ते ठरेना. शेवटी त्यांनी विचारलं, नाव राहू दे, निदान ठेवायचा कुठे ते तरी सांगा.

भाऊ बायकोकडे वळले. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, हे आजवर त्यांनी कुणालाही विचारलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "कुठं ठेवू?"

"न वाकता दिसेल असा," वहिनी म्हणाल्या.

तो वरच्या फळीवर गेला. भाऊ तेवढ्यावर थांबले नाहीत. किल्ली वर आणली, मोजे वर आणले, कलथाही वर आणला. दाटीवाटीने बसले सगळे. मानचिन्हाची बैठक घासलेली, म्हणजे ते दुरुस्तीचं काम, म्हणून दुकानाच्या नियमाप्रमाणे ते खालच्या फळीवर गेलं. अध्यक्ष पुढे चारपाच दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग मानचिन्हाची बैठक नीट करायला स्वतःच डिंकाची बाटली घेऊन आले.

प्रदर्शन संपलं, ज्याने त्याने आपापली वस्तू नेली. तो तुकडा मात्र अजून माझ्याकडेच आहे, कारण भाऊ म्हणतात तू घे आणि वहिनी म्हणतात तुम्ही घ्या. भाऊ आता रोज येतात. माझी काच पुसतात, चित्रकलेच्या वर्गातल्या पोरांना पुठ्ठा कापून देतात, आणि मधल्या वेळात खुर्ची ओढून माझ्याशेजारी खुशाल बसतात. जेवायची वेळ झाली की वहिनी दारात येतात आणि दोघं काहीतरी वाद घालत घरी जातात.

मी म्हातारी झाले. कधीतरी माझी काच फुटेल, लाकूड चुलीत जाईल, त्याचं मला काही नाही. पण तोपर्यंत मला धुळीत ठेवू नका, आणि एक ऐका. ज्याच्यावाचून तुमचं अडतं, त्याला ते समोर उभं राहून सांगा. प्रदर्शनाची वाट बघू नका. मध्ये काच असली तरी चालेल, पलीकडे ऐकू जातं.